सुडाला निघालेला घरी नसतो

मैत्रिणींनो, आज जरा वेगळाच विषय घेऊन तुमच्यापुढे आले आहे. लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, ह्या पानांच्या शेजारी चित्रकथांतल्या वीरांना कशाला बसवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याआमच्या घरात हे वीर केव्हाच येऊन बसलेत. उशीखाली, दप्तरात, आणि आता तर मोबाइलमध्येही. मुलं त्यांना 'कॉमिक्स' म्हणतात. केर काढताना आपण ती पुस्तकं उचलतो, धूळ झटकतो आणि परत ठेवतो. आत काय आहे ते बघत नाही. ढिशुम ढिशुम असणार, दुसरं काय!

ढिशुम ढिशुम असतंच. पण ते कशापायी चाललंय, हे एकदा बसून वाचा. बहुतेक वीरांची गोष्ट घरातल्या मरणापासून सुरू होते. बॅटमॅन १९३९ सालचा. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांना गोळ्या घातल्या गेल्या. स्पायडरमॅन १९६२ चा. त्याला सांभाळणाऱ्या काकांना एका चोराने मारलं. त्याची एक भारतीय आवृत्तीही २००४ मध्ये निघाली होती. तिच्यातला पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईला आलेला मुलगा. धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारतो! त्याचे भीमकाका एका बाईला गुंडांच्या हातून सोडवायला गेले आणि प्राणाला मुकले. मागे राहिल्या माया काकू. म्हणजे बघा, पहिल्या काही पानांत एक घर उद्ध्वस्त होतं आणि उरलेल्या पानांत एक मुलगा त्या आगीत जळत असतो. आता सांगा, हा विषय आपला नाही का?

मला तरी हे आपोआप कुठे सुचलं होतं? त्याला कारण घडलं, तेच आधी सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अकरावीला म्हणून कोल्हापुरात आला, तो आमच्याकडेच राहिला. आम्ही राजारामपुरीत राहतो. इथे पत्ता विचारणारा पहिल्यांदा "कितवी गल्ली?" एवढंच विचारतो, इतक्या आमच्या गल्ल्या नंबरावर चालतात. बहीण इचलकरंजीला. तिच्या यजमानांचे भागीदारीत माग होते. भागीदाराने गोड बोलून सह्या घेतल्या. सुताची बिलं थकली, कर्ज ह्यांच्या एकट्याच्या गळ्यात राहिलं, आणि माग विकले गेल्याचं ह्यांना कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. त्यानंतर दोन महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा अडखळायला लागली. चार माणसांत खळखळून हसणारा माणूस खाटेला खिळला.

मुलगा सोळा वर्षांचा. आमच्याकडे आला तेव्हा ताटात वाढलेलं मुकाट्याने जेवायचा, ताट उचलून ठेवायचा, "मावशी, काही आणायचं आहे का?" असं विचारायचा. तक्रारीला जागा नव्हती. पण हळूहळू त्याचे सगळे रंगीत शर्ट कपाटाच्या तळाला गेले आणि अंगावर नेहमी काळा टी-शर्ट दिसायला लागला. संध्याकाळी जिममध्ये दोन-दोन तास. कोल्हापुरात पोरांनी तालमीत घाम गाळण्याचं कुणाला नवल नाही, म्हणून मीही चार अंडी जास्त आणायला लागले. मग त्याच्या टेबलावर भिंतीला एक चित्र चिकटलं. स्पायडरमॅनचं, पण नखशिखांत काळ्या पोशाखातलं.

मी विचारलं, "हा तर लाल-निळा असतो ना रे?"

"असतोय. पण मावशी, आता तो खुन्नसवर आहे."

खुन्नस हा शब्द आमच्याकडच्या पोरांच्या ओठांवर सदा असतो. त्यात राग आहे, डूख आहे, आणि 'बघून घेतो' आहे. मी हसले. तो हसला नाही.

पुढच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. आवाज दबका. पोरगा शनिवारी इचलकरंजीला येतो, पण घरी येत नाही. मित्राच्या गाडीवर बसून त्या भागीदाराच्या घरासमोर जाऊन उभा राहतो. तास, दोन तास. काही बोलत नाही, काही करत नाही, नुसता बघतो आणि परत कोल्हापूरला जातो. तिथल्या एका ओळखीच्या बाईंनी हे तिला सांगितलं होतं. बहीण म्हणाली, "अक्का, गावात येऊन घरी येत नाही गं. हे सारखे दाराकडे बघत असतात."

तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी वेळ आली असेल तर पोटात कसा गोळा येतो ते तुम्हांला सांगायला नको. पहिला विचार आला, ती पुस्तकं रद्दीत घालावी आणि चित्र फाडून टाकावं. ह्यांचंही तेच मत पडलं. पण मला वाटलं, ज्याच्याशी आपला मुलगा रात्रंदिवस बोलतोय तो कोण, हे बघितल्याशिवाय त्याला घराबाहेर कसं काढायचं? दुपारी ओटा आवरून झाला की चष्मा लावून मी त्याचे ढीग वाचायला बसले. आठ दिवस वाचत होते.

आता तुम्हांला वाटेल, ह्या वयात काय हे! पण आपल्या पिढीला हे नवं थोडंच आहे? आठवून बघा, इंद्रजाल कॉमिक्स. मुंबईहून टाइम्सवाले काढायचे. १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. मराठीतही निघायची. सुट्टीत भावाबहिणींत एका अंकावरून ओढाओढ व्हायची. त्यातला वेताळ आठवतो? कवटीची अंगठी, कवटीची गुहा, पांढरा घोडा. त्याची मूळ गोष्ट १५३६ सालातली. समुद्री चाच्यांनी जहाजावर हल्ला केला, बापाला मारलं, पोरगा एकटा वाहत किनाऱ्याला लागला. पुढे त्याच किनाऱ्यावर एक प्रेत आलं, बापाचे कपडे अंगावर असलेलं. म्हणजे तोच मारेकरी. त्याच्या कवटीवर हात ठेवून पोराने शपथ घेतली की मी आणि माझे वंशज चाचेगिरीशी, क्रौर्याशी, अन्यायाशी लढू.

लहानपणी हे वाचताना अंगावर काटा यायचा. आता वाचताना माझ्या वेगळंच लक्षात आलं. शपथ घेतली तेव्हा मारेकरी मेलेलाच होता! सूड उगवायला माणूसच शिल्लक नव्हता. म्हणून त्या मुलाच्या रागाला दुसरं काम शोधावं लागलं, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. लहानपणीचा आपला वेताळ त्या वंशातला एकविसावा. त्याला घर होतं, पुढे बायको आली, जुळी मुलं झाली. नुसत्या सुडावर एवढं काही उभं राहिलं असतं का?

भाच्याच्या ढिगातले वीर मात्र निराळ्या जातीचे. त्यातला एक तर आपल्या मुंबईचाच. डोगा त्याचं नाव. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा, हिंदीतला, १९९० नंतरच्या वर्षांत गाजलेला. तान्हेपणी उकिरड्यावर टाकलेलं हे मूल एका क्रूर डाकूने उचलून नेलं आणि वाढवलं. पुढे मोठा होऊन तो कुत्र्याचा मुखवटा चढवतो आणि हातात बंदुका घेऊन गुंडांना ठार मारत सुटतो. वेताळासारखं बांधून पोलिसांच्या हवाली करणं त्याला मंजूर नाही. त्याला व्यायाम आणि लढण्याच्या विद्या शिकवणारे चार काका आहेत आणि त्यांची नावं ऐकाल तर हसाल. अदरक, धनिया, हलदी आणि काली मिर्च! म्हणजे आपलं आलं, धणे, हळद आणि मिरी. मिसळणाच्या डब्यातली नावं मिळालेल्या चार माणसांनी वाढवलेलं पोर, पण त्याच्या घासाला चव म्हणून नाही. दिवसा जिममध्ये, रात्री मुखवट्याआड. ते वाचताना मला आमचा जेवणाच्या टेबलावर मुकाट बसणारा मुलगा दिसत होता.

आणि मग तो काळ्या पोशाखातला स्पायडरमॅन. ही गोष्ट अमेरिकेत २००७ साली निघाली. जरा सविस्तर सांगते, कारण सगळं मर्म तिच्यातच आहे.

ह्या स्पायडरमॅनचं खरं नाव पीटर पार्कर. काका गेल्यावर त्याला वाढवलं ते म्हाताऱ्या मे काकूंनी. साधी बाई. मुलाने वेळेवर जेवावं, थंडीत अंगावर काहीतरी घालावं, ही तिची काळजी. पीटरचं मेरी जेनशी लग्न झालेलं. आतापर्यंत तो मुखवट्यामागे कोण आहे हे जगाला माहीत नव्हतं. पण एका पुढाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने सगळ्यांसमोर मुखवटा काढला, आणि त्याचं घर उघडं पडलं. तुरुंगात बसलेल्या किंगपिन नावाच्या गुंडांच्या म्होरक्याने त्याच्यावर मारेकरी घातला. गोळी सुटली ती पीटर चुकवू शकला. लागली ती मे काकूंना.

काकू इस्पितळात बेशुद्ध. पीटरने काळा पोशाख बाहेर काढला. आतापर्यंत हा वीर मारतामारता विनोद करायचा. आता विनोद बंद. तो एकेका गुंडाला पकडतो, हाडं मोडतो, नाव विचारतो, पुढच्याकडे जातो. शेवटी तुरुंगात शिरतो आणि सगळ्या कैद्यांदेखत किंगपिनला लोळवतो. जीव घेत नाही, पण सांगून येतो की माझी काकू गेली त्या दिवशी मी परत येईन आणि तुला संपवीन.

वाचताना माझ्याही मुठी वळल्या होत्या, खोटं कशाला सांगू? पण आपण बायका वाचतो तेव्हा नजर दुसरीकडेही जाते. तो रात्रभर शहरात हिंडतोय, तेव्हा काकूच्या उशाशी कोण आहे? मेरी जेन. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला, नळ्यांकडे बघायला, तिथून कुणी हुसकावून लावेल का ह्या धास्तीत बसायला, ती. आणि किंगपिनला एवढं लोळवल्यावर काकूंनी डोळे उघडले का? नाही. त्यांच्या प्रकृतीत तसूभर फरक पडला नाही.

पुढचा भाग तर ऐकाच. काकू काही केल्या वाचेनात, तेव्हा एक सैतान येऊन सौदा मांडतो. मी म्हातारीला जगवतो, बदल्यात तुमचं लग्न मला द्या. म्हणजे दोघांचं लग्न झालंच नव्हतं असं होऊन जाईल, कुणालाच ते आठवणार नाही. दोघं कबूल होतात. काकू वाचतात, संसार पुसला जातो. अमेरिकेतले वाचक ह्या शेवटावर फार चिडले होते. मला तो शेवट पटला असं नाही, पण हिशेब चुकीचा वाटला नाही. सुडाला निघालेल्या माणसाच्या घरात वैऱ्याचं किती नुकसान झालं ते मोजतात. बायकोचं, आईचं, झोपेचं, घासाचं कोण मोजतं?

एका रात्री ह्यांची जेवणं उरकल्यावर मी ते पुस्तक घेऊन भाच्यासमोर बसले. रागावले नाही. म्हटलं, "वाचलं मी हे सगळं. चांगलं काढलंय."

तो चमकला. "तू वाचलंस?"

"वाचलं. मला एक सांग, ह्या सगळ्या पानांत मे काकूच्या उशाशी कोण बसलंय?"

त्याने चार पानं उलटली. "मेरी जेन."

"आणि तुझ्या पप्पांच्या?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग एकदम उसळला, "तुला न्हाई कळायचं, मावशी. त्यानं पप्पांना संपवलंय. नवी गाडी घेऊन फिरतंय ते. मी बघत बसू व्हय?"

मैत्रिणींनो, इथे आपण बायका हमखास म्हणतो, 'जाऊ दे रे, देव बघून घेईल.' मी ते म्हटलं नाही. कारण ते जाऊ देण्यासारखं नव्हतंच. त्याचा राग खोटा नव्हता आणि तो वाईटही नव्हता. बापावर अन्याय झालेला पाहून ज्याला काहीच वाटत नाही, अशा मुलाची मला जास्त काळजी वाटली असती. मी एवढंच म्हटलं, "पप्पा संपलेले नाहीत. ते दाराकडे बघत असतात. शनिवारी तू त्या गावात असतोस ना, तेव्हासुद्धा."

तो उठून गेला. दार आपटलं. मला वाटलं, बोलणं फुकट गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला आणि सांगितलं, त्याला उपदेश करू नकोस, त्याला काम सांग. काम तर होतंच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी यजमानांना रोज उभं करायला सांगितलं होतं, आणि ते तिच्या एकटीच्याने होत नव्हतं. एकाने पाठीमागून धरायचं, दुसऱ्याने गुडघा सांभाळायचा. तिने मुलाला तेवढंच कळवलं, "मला एकटीला उचलत नाहीत. शनिवारी ये." जिममध्ये कमावलेले दंड होतेच. गेला. त्या शनिवारी घरी गेला. परत आला तेव्हा काही बोलला नाही, पण रविवारची रात्रही तिथेच काढून सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने आला होता.

दुसरं काम वकिलांनी काढलं. भागीदारीचा करारनामा, सुताची बिलं, बँकेच्या नोंदी, सह्या केलेले कोरे-भरलेले कागद, सगळं एका पिशवीत कोंबलेलं होतं. कुठलाही कागद कधीचा ते कुणाला सांगता येईना. ती पिशवी मुलाने इकडे आणली आणि आमच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरली. तीन रविवार तो तारखेप्रमाणे कागद लावत होता. वाचता वाचता दात-ओठ खायचा. एकदा एक सही बघून भिंतीवर मूठ आपटली. पण मूठ सोडून परत पुढचा कागद उचलला. त्या फायलीवरून तक्रार दाखल झाली.

ह्याचा शेवट गोड झाला असं मी तुम्हांला सांगणार नाही. तारखा पडताहेत. तो माणूस अजून ऐटीत फिरतो. यजमान काठी धरून उंबऱ्यापर्यंत येतात, त्यापुढे नाही. भिंतीवरचं काळं चित्रही आहे तिथेच आहे. मी काढायला सांगितलेलं नाही. पण पोरगा गावात गेला की घरी जातो, आणि बहिणीला रात्रीची झोप लागते.

ह्या निमित्ताने मला इंद्रजालमधला आणखी एक वीर आठवला. बहादूर. १९७६ मध्ये आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, आपल्या मातीतला. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया ह्यांची. बहादूरचा बाप डाकू. तो पोलिसांच्या गोळीने मेला. मुलगा वाढला तो गोळी घालणाऱ्या अधिकाऱ्याचा सूड घ्यायचा हे मनाशी धरूनच. आणि मग त्याला बापाचं खरं रूप कळलं. बापामुळे किती घरं बुडाली होती ते कळलं. तेव्हा त्याने सूड टाकला आणि गावकऱ्यांना घेऊन डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभं केलं. वेताळाचा मारेकरी आधीच मेलेला होता, पण बहादूरचा वैरी समोर जिवंत उभा होता. तरी त्याने हात आवरला. दोघांत मला बहादूरच मोठा वाटतो.

आणि त्या बहादूरच्या लेखकाने पुढे काय केलं, ठाऊक आहे? आबिद सुरतींनी २००७ मध्ये, तो काळ्या पोशाखातला स्पायडरमॅन निघाला त्याच वर्षी, मुंबईजवळच्या मीरा रोडला एक काम हाती घेतलं. रविवारी एक प्लंबर बरोबर घ्यायचा, इमारतीतल्या घराघरांत जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे! पाणी वाया जाऊ नये म्हणून. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, ज्यांनी डाकूंशी लढणारा वीर निर्माण केला, ते लोकांच्या मोरीत वॉशर बदलायला जात होते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा हसला. दुसऱ्या दिवशी आमच्या न्हाणीघरातला नळ, जो कित्येक दिवस टपटपत होता, तो त्याने न सांगता नीट केला.

आता तुम्ही म्हणाल, सगळं परदेशातलं आणि छापील झालं. आपल्याकडे काय? तर आमच्याकडचीच गोष्ट सांगते. राजारामपुरीहून टेंबलाईची टेकडी जवळच. तिथे त्र्यंबोलीचं देऊळ आहे. कथा अशी सांगतात की अंबाबाईने कोल्हासुराला मारल्यावर त्याचा मुलगा कामाक्ष बापाच्या सुडाला उठला. त्याने योगदंड मिळवला आणि सगळ्या देवादिकांची मेंढरं करून टाकली. मला ही कल्पना फार खरी वाटते. सुडाच्या डोळ्यांना माणसं माणसांसारखी दिसतच नाहीत, कळपच दिसतो. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड काढून घेतला आणि सर्वांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, आणि जिने सोडवलं तिलाच बोलवायचं राहून गेलं! ती रुसली आणि टेकडीवर पाठ फिरवून बसली. तेव्हा अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. म्हणून नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते आणि तिथे कोहळा फोडतात. राक्षसाच्या नावाने कोहळा फुटतो तो बघायला गर्दी लोटते. पण पालखी निघते ती मुळात रुसलेल्या बहिणीला भेटायला, हे आपण विसरतो.

लढाई करणारे करतात. न्यायासाठी केली तर करावीच. पण त्या धामधुमीत कुणीतरी मागे राहिलेलं असतं, खाटेवर, दाराकडे डोळे लावून. त्याच्याकडे आधी जायचं असतं.

म्हणून मैत्रिणींनो, मला सुचलेल्या दोनचार गोष्टी सांगते. मुलाच्या हातातलं पुस्तक ओढून घेऊ नका. आधी स्वतः वाचा, आणि वाचल्याचं त्याला कळू द्या. त्याच्या रागाला 'वेडेपणा' म्हणू नका. ज्याच्यावर राग आहे त्याने खरंच वाईट केलं असेल, तर तसं स्पष्ट म्हणा. मुलाला त्याने फार बरं वाटतं, कारण घरात सगळे गप्प असले की त्याला वाटतं, ह्याची चाड फक्त मलाच आहे. आणि मग त्या रागाला काम द्या. उचलायचं, बसायचं, कागद लावायचं, वकिलाकडे बरोबर न्यायचं. मुलगी असली तरी हेच. हल्ली खुन्नस मुलींच्याही मनात असते, फक्त ती पटकन दिसत नाही.

आणि आपल्या स्वतःच्याही मनात असते, हो! लग्नात कुणी काय बोललं, वाटणीत कुणी काय दाबलं, हे आपण वीस-वीस वर्षं जपून ठेवतो. आपल्याला मुखवटा लागत नाही की काळा पोशाख लागत नाही. पोळ्या लाटता लाटता आपण मनातल्या मनात कुणाच्या तरी घरासमोर जाऊन उभ्या असतो. तेवढा वेळ आपणही घरी नसतोच.

येत्या सुट्टीत मुलांच्या ढिगातलं एखादं पुस्तक उचला आणि त्या वीराच्या घरी मागे कोण राहिलंय ते शोधा. सापडतं ते, कोपऱ्यातल्या एखाद्या छोट्या चौकटीत. मग ते मुलाला दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. आणि जमलं तर मलाही कळवा.